शेवटच्या उमेदवाराचे गुण

जून महिना लागला कीं मुंबईच्या उपनगरांतून एका विशिष्ट वाङ्मयाचें पारायण सुरू होतें. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील ज्या घरांत वर्षाकाठीं एखादी कादंबरीहि विकत घेतली जात नाहीं, त्या घरांतसुद्धां हें वाङ्मय रात्रीं उशिरापर्यंत जागून वाचलें जातें. आईबाप तें मोठ्यानें वाचतात, मामा-काका त्यावर भाष्य करतात, आणि ज्याच्यासाठीं हें सारें चाललेलें असतें तें पंधरा-सोळा वर्षांचें पोर कोपऱ्यांत बसून ऐकत असतें. हें वाङ्मय म्हणजे अकरावीच्या प्रवेशाची कटऑफ यादी.

एखाद्या लेखाचा इतका प्रसार असावा, त्यांतील दशांशचिन्हावरसुद्धां वाचकांनीं श्रद्धा ठेवावी, आणि त्याचें परीक्षण मात्र कोणी करूं नये, हें कांहीं चिकित्सक वृत्तीचें लक्षण नव्हे. यादी खरी आहे काय, हा प्रश्न नाहीं. ती खरीच असते. प्रश्न असा आहे कीं, ती जें सांगते तेंच आपण वाचतों, कीं आपल्या मनांतलें तिच्यांत घालून मग तें वाचून दाखवितों? आमच्या मतें बहुतेक घरांत दुसरा प्रकार होतो. आणि त्याची किंमत त्या कोपऱ्यांतल्या पोराला द्यावी लागते.

यादीचें स्वरूप अगदीं साधें आहे. एका रकान्यांत कॉलेजाचें नांव, दुसऱ्यांत शाखा, मग प्रवेशाचा वर्ग, आणि शेवटीं एक आकडा. हा आकडा म्हणजे त्या फेरींत त्या वर्गांतली अगदीं शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे गुण. एवढेंच. हें कॉलेज त्या कॉलेजाहून चांगलें, असें यादी म्हणत नाहीं. पुढल्या वर्षीं एवढे गुण असणाऱ्यास येथें जागा मिळेल, असेंहि म्हणत नाहीं. आणि ज्याचे दोन गुण कमी पडले तो कमी योग्यतेचा, असें तर ती मुळींच म्हणत नाहीं. हे तीनहि अर्थ वाचकांनीं आपल्या पदरचे घातलेले आहेत.

सकाळीं साडेआठच्या सुमारास घाटकोपर स्टेशनांत जलद लोकल येते. दारांत शेवटचा पाय टेकविणाऱ्या माणसाला किती रेटा द्यावा लागला, यावरून फलाटावर गर्दी किती होती हें समजतें. गाडी किती चांगली आहे, किंवा उद्यां तितक्याच रेट्यानें आंत शिरतां येईल काय, यांतलें कांहींएक समजत नाहीं. कटऑफ हा असाच फलाटावरच्या गर्दीचा आकडा आहे. तो आपण गाडीचा दर्जा म्हणून वाचतों, ही पहिली चूक.

ही चूक एकाएकीं झालेली नाहीं; तिला इतिहास आहे. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ सालचें, रुइया कॉलेज १९३७ सालचें. अंधेरीचें भवन्स कॉलेज १९४६ सालीं निघालें, घाटकोपरचें झुनझुनवाला कॉलेज १९६३ सालीं, आणि मुलुंडचें वझे कॉलेज तर १९८४ सालीं. म्हणजे उपनगरांत माणसें आधीं राहावयास गेलीं आणि कॉलेजें सावकाश मागाहून आलीं. मधल्या काळांत एक-दोन पिढ्या शिक्षणासाठीं गाडीनें शहराकडे जात राहिल्या, आणि 'चांगलें कॉलेज म्हणजे जें गाडीनें गांठावें लागतें तें' असा एक संस्कार घरोघरीं रुजून गेला. आज उपनगरांतल्या कित्येक कॉलेजांपुढेंहि मोठी रांग लागते. पण तेथेंहि न्याय तोच. जेथें रांग मोठी तेथें शेवटचा आकडा वरचा. वरचा आकडा पाहून पुढल्या वर्षीं रांग आणखी मोठी. ह्या चक्राला शिक्षकांच्या शिकवण्याची, प्रयोगशाळेची किंवा ग्रंथालयाची कोठेंहि गरज लागत नाहीं.

उलट बाजूहि पाहण्यासारखी आहे. शेंकडा पंच्याण्णव गुणांचीं मुलें घेऊन दोन वर्षांनीं तींच नव्वद गुणांचीं करून परत देणारें कॉलेज यादींत वर राहतें. साठ गुणांचीं मुलें घेऊन त्यांतलीं निम्मीं सत्तरीवर नेणारें कॉलेज यादीच्या तळाशीं असतें. शिक्षणाचें काम दोघांपैकीं कोणीं केलें, तें सांगण्याची यादीला सोयच नाहीं. शिवाय विज्ञानशाखेंत तर एक विचित्र व्यवहार सर्वांच्या परिचयाचा झाला आहे: नांव कॉलेजांत आणि अभ्यास क्लासांत. ज्या बाकासाठीं जूनभर झोंप उडाली, त्या बाकावर बसण्याचें काम मग पुष्कळदां पडत नाहीं.

दुसरी चूक म्हणजे गतवर्षाचा आकडा यंदाच्या मुलाच्या गुणांशेजारीं ठेवून वजाबाकी करणें. ह्या वजाबाकींत दोन वर्षांचे गुण एकाच मापाचे आहेत असें गृहीत धरलेलें असतें. तें तसें नसतें, याचा पुरावा आपल्याच राज्याच्या शालान्त परीक्षेनें इतक्या ठसठशीतपणें दिला आहे कीं त्याहून अधिक शोधावयास नको. २०१८ सालीं दहावीचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला. २०१९ सालीं भाषा व समाजशास्त्र या विषयांतले शाळेच्या हातचे तोंडी व अंतर्गत परीक्षेचे गुण काढून टाकण्यांत आले, आणि निकाल एकदम ७७.१० वर आला. २०२० सालीं ते गुण पुनः देण्यांत आले, आणि निकाल ९५.३० वर गेला. त्यापुढील वर्षीं, २०२१ सालीं, साथीमुळें परीक्षाच झाली नाहीं. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, आणि तो ९९.९५ होता.

या चार वर्षांत महाराष्ट्रांतलीं मुलें एका वर्षीं अडाणी व दुसऱ्या वर्षीं पंडित झालीं, असें म्हणावयास कोणी धजणार नाहीं. मुलें तींच होतीं. गज बदलला होता. आतां कल्पना करावी कीं, २०१९ सालच्या मुलाच्या बापानें २०१८ ची यादी पुढें घेऊन वजाबाकी केली. त्याला मुलगा बुडाला असें वाटलें असेल. २०२० सालच्या बापानें २०१९ ची यादी घेतली. त्याला मुलगा तरला असें वाटलें असेल. दोघांचेंहि गणित बिनचूक होतें आणि दोघांचाहि निष्कर्ष फसवा होता. कारण जागा मिळते ती गुणांना नव्हे, क्रमाला. आपल्या पुढें किती जण उभे आहेत, एवढाच प्रश्न रांगेंत असतो. सर्वांचे गुण पांचांनीं वाढले तर कोणाचाच क्रम हलत नाहीं, फक्त कटऑफ पांचांनीं वाढतो. आणि वर्तमानपत्रांत 'यंदा स्पर्धा तीव्र' असा मथळा येतो.

शिखराकडे तर हें माप अधिकच पातळ होतें. २०२५ सालच्या दहावीच्या परीक्षेंत २११ विद्यार्थ्यांना शेंकडा शंभर गुण पडले. सहा विषयांपैकीं उत्तम पांचांचे पांचशें गुण धरावयाचे, त्यांत खेळ, चित्रकला, शास्त्रीय वा लोककला यांचे वाढीव गुण मिळवावयाचे, या रीतीनें हें घडतें. त्या मुलांचे श्रम खोटे आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. पण पट्टी संपली कीं तिच्यापुढें उंच आणि अधिक उंच यांतला फरक दिसत नाहीं, इतकें तरी मान्य व्हावयास हरकत नसावी.

दशांशचिन्हाचाहि थोडा विचार केला पाहिजे, कारण आमच्या वाचकवर्गाचा सर्वांत मोठा भक्तिभाव त्याच्यावर आहे. पांचशें गुणांपैकीं एक गुण म्हणजे शेंकडा ०.२. यादींत एका कॉलेजापुढें ९२.४ व दुसऱ्यापुढें ९२.२ असे आकडे दिसले कीं जणूं दोन निरनिराळ्या जातींचीं कॉलेजें दिसूं लागतात. त्यांच्यांतलें अंतर पांच उत्तरपत्रिकांत मिळून एका गुणाचें असतें. तोच निबंध दुसऱ्या परीक्षकाच्या हातीं गेला असतां, किंवा त्याच परीक्षकानें तो जेवणानंतर तपासला असतां, एक गुण इकडचा तिकडे होणें अगदीं संभवनीय आहे. मापाची अनिश्चितता ज्या अंतराहून मोठी आहे, त्या अंतरावर मुलाची किंमत ठरविणें म्हणजे धान्याच्या तराजूवर सोनें तोलण्यासारखें आहे.

आणि हा तराजू तरी सर्वांना मान्य होता काय? वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांचा मेळ घालण्यासाठीं २००८ सालीं शासनानें पर्सेंटाइलचें सूत्र काढलें. तें मुंबई उच्च न्यायालयांत टिकलें नाहीं. २००९ सालीं राज्य मंडळाच्या मुलांसाठीं शेंकडा नव्वद जागा राखण्याचा निर्णय झाला. तोहि रद्द झाला. २०१० सालीं 'उत्तम पांच विषय' हें सूत्र आलें; उच्च न्यायालयानें तें अमान्य केलें, पण सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरलें. २०२१ सालीं अकरावीसाठीं स्वतंत्र सामाईक परीक्षा ठरली. ऑगस्टमध्यें उच्च न्यायालयानें तीहि रद्द केली. तेरा वर्षांत चार वेळां मापच न्यायालयांत उभें राहिलें. मुलें कशानें मोजावीं यावर शासन, न्यायालय आणि पालक यांचें एकमत होत नसतांना, मोजून आलेला आकडा मात्र आपण वेदवाक्य मानतों, यांतली विसंगति लक्षांत घेण्यासारखी आहे.

यादींत जें लिहिलेलें असतें त्याइतकेंच महत्त्व जें लिहिलेलें नसतें त्याला आहे. एका कॉलेजांत १२० जागा आहेत असें धरूं. संस्था अल्पसंख्याकांची असेल तर निम्म्या, म्हणजे ६०, त्या समाजाच्या मुलांसाठीं. त्याच संस्थेच्या शाळेंतून येणाऱ्यांसाठीं शेंकडा दहा, म्हणजे १२. व्यवस्थापनाच्या हातीं शेंकडा पांच, म्हणजे ६. बेरीज ७८ झाली. साऱ्या शहरासाठीं उरल्या ४२. ज्यानें १२० हा आकडा मनांत धरून मुलाची शक्यता अजमावली, त्याचा अंदाज पहिल्याच पायरीवर चुकला. यांतल्या न भरलेल्या जागा पुढें सर्वसाधारण फेऱ्यांत येतात, आणि म्हणून कित्येकदां नंतरच्या याद्यांत आकडा खालीं उतरतो. पहिली यादी वाचून रडणें अनेक घरांत होतें. तिसरी यादी वाचण्याचें कष्ट फार थोडे घेतात.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वर्गांत 'जागा गेल्या' अशी तक्रार निघाली कीं ती नेमकी एकाच प्रकारच्या जागांविषयीं निघते: संविधानाच्या आधारें मागासलेल्या समाजांसाठीं ज्या राखलेल्या आहेत त्यांच्याविषयीं. संस्थेच्या शाळेंत बालवर्गापासून मूल घालून ठेवणाराला मिळणारी जागा, व्यवस्थापनाच्या ओळखीची जागा, भाषिक अल्पसंख्याक म्हणून मिळणारी जागा, यांविषयीं दिवाणखान्यांत कोणी आवाज चढवीत नाहीं. कारण त्या वाटांनीं आपलाहि कोणीतरी भाचा गेलेला असतो. पिढ्यान्पिढ्यांचा अन्याय दूर करण्यासाठीं ठेवलेली जागा आणि ओळखीपाळखीनें मिळणारी जागा, यांत न्यायाच्या दृष्टीनें कोणती अधिक समर्थनीय, याचा निर्णय वाचकांनींच करावा. यादी वाचतांना निदान सगळे रकाने वाचावे, एवढीच विनंति.

आतां 'शक्यता' या शब्दाकडे वळूं. मुलाला अमक्या ठिकाणीं मिळण्याची शेंकडा ऐंशी शक्यता आहे, असें क्लासचे चालक सांगतात, मार्गदर्शन करणारे व्यावसायिक सांगतात, आणि पैसे न घेतां शेजारीहि सांगतात. हा ऐंशीचा आकडा कशावरून आला, असें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. अशा शंभर मुलांचा माग ठेवला, त्यांतल्या ऐंशींना प्रवेश मिळाला, असा कांहीं दाखला असेल तर त्या शब्दाला अर्थ आहे; एरवीं ती ज्योतिष्याची भाषा आहे, फक्त पत्रिकेच्या जागीं गुणपत्रिका आली आहे. प्रामाणिकपणें बोलावयाचें तर कॉलेजांचे तीनच गट पाडतां येतात. गेल्या दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या आकड्यांहून मुलाचे गुण स्पष्टपणें वर आहेत असा एक. स्पष्टपणें खालीं आहेत असा दुसरा. आणि जेथें कांहीं सांगतां येत नाहीं असा मधला. ह्या मधल्या गटाविषयीं 'सांगतां येत नाहीं' असें स्वच्छ सांगणारा सल्लागार मिळाला, तर तो खरा जाणकार समजावा.

गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच इमारतींतल्या एका गृहस्थांनीं, मुलुंडला, आपल्या मुलीचा अर्ज पुढें ठेवून आमचा सल्ला विचारला. मुलीला ९१.४ गुण होते. तिला जें शहरांतलें कॉलेज मनापासून हवें होतें, त्याचा आदल्या वर्षीचा आकडा ९२.२ होता, म्हणजे पांचशेंपैकीं चार गुणांचें अंतर. वडिलांनीं तें कॉलेज अर्जांतून खोडून टाकलें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, पहिला क्रम फुकट घालविला तर दुसऱ्या कॉलेजाची संधीहि हातची जाईल. हा समज फार सार्वत्रिक आहे, आणि तो चुकीचा आहे.

मुंबई महानगर प्रदेशांत २००९ सालापासून, आणि २०२५ सालापासून साऱ्या महाराष्ट्रांत, अकरावीचे प्रवेश एका ऑनलाइन पद्धतीनें होतात. विद्यार्थी आवडीच्या क्रमानें दहापर्यंत कॉलेजें लिहितो. गुणानुक्रमें त्याची पाळी आली कीं त्याच्या यादीवरून वरून खालीं पाहिलें जातें, आणि जेथें जागा शिल्लक असेल तें पहिलें कॉलेज त्याला दिलें जातें. पहिलें मिळालें नाहीं म्हणून दुसऱ्या ठिकाणचा त्याचा नंबर एकानेंहि मागें जात नाहीं. अशा वांटपाचें गणित डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या दोघां अमेरिकन पंडितांनीं १९६२ सालीं एका छोट्या निबंधांत मांडलें, आणि तो निबंध कॉलेजांच्या प्रवेशावरच होता; शॅप्ली यांना ऑल्विन रॉथ यांच्यासह २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या सगळ्या विचाराचें सार आपल्या कामापुरतें असें: आवड खरी त्या क्रमानें लिहावी, अंदाज बांधून ती खालींवर करूं नये. पहिल्या क्रमाचें कॉलेज मिळालें तर तें घ्यावेंच लागतें, नाहींतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमावर भीतीनें निवडलेलें नव्हे, तर खरोखर हवें असलेलेंच कॉलेज पाहिजे. दहाच नांवें लिहितां येत असल्यामुळें तळाशीं दोनतीन खात्रीचीं नांवें असावीं, इतकीच सावधगिरी पुरे.

त्याप्रमाणें खोडलेलें नांव पुनः वर लिहिलें गेलें. तेवढ्यांत आंतल्या खोलींतून मुलगी बाहेर आली, आणि तिनें विचारलें, "काका, चार गुण कमी म्हणजे माझी लायकी तेवढी कमी, असंच ना?" अर्ज भरण्याचे नियम सांगणें सोपें होतें, या प्रश्नाला चटकन उत्तर सुचलें नाहीं. यादीचा तिसरा अर्थ, जो यादीनें कोठेंहि लिहिलेला नाहीं, तो त्या मुलीनें पाठ केला होता. आणि तो तिला शिकविणारे आपणच.

हें प्रकरण अकरावीशीं थांबत नाहीं, तेथें केवळ त्याची संथा मिळते. पवईच्या टेंकड्यांखालीं १९५८ सालीं स्थापन झालेली आय. आय. टी. ही घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना अंतरानें शेजारची आणि आंकड्यांनीं फार दूरची संस्था आहे. तिच्या संगणकशास्त्राच्या शाखेंत खुल्या गटांतल्या सर्वसाधारण जागा अलीकडे देशांतल्या सत्तराव्या क्रमांकाच्या आंतच संपतात. त्याच शाखेंत २०१८ सालापासून मुलींसाठीं ज्या वाढीव जागा आहेत, त्यांचा शेवटचा क्रमांक याहून बराच पुढें जातो. जे. ई. ई. मेन या पहिल्या परीक्षेला अलीकडच्या वर्षांत दहा लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्या मुलाच्या पुढेंहि दहा हजारांहून अधिक उभे असतात. घरांत मात्र 'शंभरांत नव्याण्णव' असें ऐकूं येतें, आणि पेढे वांटले जातात. मग जुलैंत तेंच घर हताश होतें. पेढे वांटण्यांत चूक नव्हती. नव्याण्णव हे गुण नव्हेत, क्रम आहे, आणि रांग दहा लाखांची आहे, एवढें कोणीं वाचलें नव्हतें.

वैद्यकीच्या परीक्षेंत २०२४ सालीं जें घडलें तें तर ताजेंच आहे. पहिल्या निकालांत ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकीं ७२० गुण होते. कांहींना दिलेले वाढीव गुण काढून घेतल्यानंतर, आणि पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाचें उत्तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निश्चित झाल्यानंतर, अशांची संख्या १७ उरली. एका प्रश्नाच्या उत्तरावरून शिखरावरचीं इतकीं माणसें खालीं येतात, तर मधल्या लाखांचे क्रम किती हलले असतील, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

परदेशीं कसें आहे, असें विचारणारेहि उपनगरांत आतां पुष्कळ आहेत, कारण अमेरिकेच्या अर्जांसाठीं सल्ला घेण्याची पद्धत आमच्याकडे चांगलीच रुळली आहे. हार्वर्ड विद्यापीठांत अलीकडे अर्ज करणाऱ्या शंभरांपैकीं पांचांनाहि प्रवेश मिळत नाहीं. तेथें गुणांबरोबर निबंध, शिक्षकांचीं पत्रें, खेळ, समाजकार्य असें सारें पाहून ठरवितात. शेवटच्या उमेदवाराचे गुण अशी यादीच निघत नाहीं. त्यामुळें मनुष्य समग्रपणें पाहिला जातो, असें समर्थक म्हणतात; आणि काय पाहिलें हें कोणालाच कळत नाहीं, असें टीकाकार म्हणतात. त्या पद्धतींत वंशाचा विचार करावा कीं नाहीं, यावरचा खटला २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांत विद्यापीठाच्या विरुद्ध गेला, आणि त्या निमित्तानें माजी विद्यार्थ्यांच्या व देणगीदारांच्या मुलांना मिळणारी सवलतहि चव्हाट्यावर आली.

ह्या तुलनेंत आपल्या यादीचा एक मोठा गुण दिसून येतो, आणि तो न सांगणें अन्यायाचें होईल. ती उघडी आहे. ऑनलाइन पद्धत येण्यापूर्वीं कॉलेजा-कॉलेजांतून अर्ज आणावे लागत, प्रत्येक ठिकाणीं रांगेंत उभें राहावें लागे, फलकावर लागलेल्या यादींत नांव शोधावें लागे. आणि ज्याची ओळख त्याचें काम लवकर होई. आज सर्वसाधारण जागांपुरतें तरी बोरिवलीच्या चाळींतला मुलगा आणि जुहूच्या बंगल्यांतला मुलगा एकाच क्रमानें पाहिले जातात. आंकडा निष्ठुर असतो, पण तो चिठ्ठी पाहत नाहीं. म्हणून यादी फाडून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं. ती जेवढें सांगते तेवढेंच तिच्याकडून घ्यावें, हें आमचें म्हणणें.

जास्त घेण्याची खोड एका शब्दांतून आली आहे, असें आम्हांस वाटतें. ह्या यादीला आपण 'गुणवत्ता यादी' म्हणतों. परीक्षेंतले 'गुण' आणि माणसाचे 'गुण' यांना मराठींत एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दानें घात केला आहे. उत्तरपत्रिकेवर पडलेले आंकडे आणि स्वभावांतलें तेज, दोहोंनाहि गुण म्हणतां म्हणतां एकाचा अभाव म्हणजे दुसऱ्याचा अभाव, असें मुलांना वाटूं लागतें. इंग्रजींतहि असाच एक शब्द आहे. मायकेल यंग यांनीं १९५८ सालीं 'मेरिटॉक्रसी'वर जें पुस्तक लिहिलें, तें उपहासात्मक होतें. गुणवत्तेच्या नांवानें नवी उच्चनीचता कशी उभी राहील, याचा इशारा त्यांत होता. जगानें इशारा सोडला आणि शब्द तेवढा स्तुतीचा म्हणून उचलला. उतारवयांत यंग यांनीं त्याबद्दल जाहीर खेदहि व्यक्त केला.

आणि आपल्याच शहरांतलें एक उदाहरण. १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हां त्यांना ७५० पैकीं २८२ गुण होते. म्हणजे शेंकडा अडतीसहि नव्हेत. आजच्या यादींत हा आंकडा कोठें बसला असता, तें सांगण्याची गरज नाहीं. पुढें कोलंबिया आणि लंडन येथें त्यांनीं काय विद्या मिळविली आणि या देशाचें संविधान घडविण्यांत त्यांचा वांटा काय, हेंहि सर्वश्रुत आहे. या उदाहरणावरून 'कमी गुण पडले तरी मोठें होतां येतें' असा जो स्वस्त दिलासा काढला जातो, तो आम्हांस काढावयाचा नाहीं. अडतीस टक्क्यांवर थांबलेले हजारों झाले असतील. त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. उदाहरणाचा अर्थ याहून वेगळा आहे. त्या २८२ गुणांत शाळेंत वेगळें बसविलें गेल्याचें, परळच्या चाळींतल्या एका खोलींत अभ्यास केल्याचें वजन कोठेंच धरलेलें नव्हतें. आंकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता. त्या वेळीं दाराशीं टक्केवारीची ही रांग नव्हती, म्हणून तो अपुरेपणा दाराआड राहिला नाहीं. आज किती अपुरे आंकडे दाराबाहेर राहत असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

मुलुंडच्या त्या मुलीला पहिलें कॉलेज मिळालें नाहीं. तिसऱ्या क्रमाचें, घरापासून जवळचें मिळालें. तें तिच्या मनासारखें होतें असें नाहीं. आणि मागाहून तेंच बरें झालें, अशी गोड समजूतहि आम्ही घालणार नाहीं. पण त्या संध्याकाळीं तिच्या वडिलांनीं तिला एक गोष्ट सांगितली, ती आमच्या सल्ल्याहून अधिक मोलाची होती. ते म्हणाले, "बाळ, तुझ्यापुढं लोक जास्त होते. एवढंच झालंय." इतकें साधें आणि इतकें बिनचूक भाष्य त्या यादीवर आम्हीं दुसरें ऐकलेलें नाहीं.